पीजी काउन्सेलिंग: फॉर्म कुठे, कागदं कुठली आणि हॉस्पिटल कसं निवडायचं

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएस प्रवेश परीक्षेचा रिझल्ट लागला की ग्रुपवर एकच प्रश्न, या रँकला काय मिळेल. पण आधी काउन्सेलिंगचा, म्हणजे रँकनुसार सीट वाटायच्या प्रक्रियेचा, फॉर्म कुठे भरायचा ते बघा. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या एमडी-एमएस सीट ऑल इंडिया कोट्यातून एमसीसी (केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) भरते, डीम्ड (अभिमत विद्यापीठांची कॉलेजं) आणि डीएनबीही (एमडी-एमएसच्या बरोबरीची पदवी) तिकडेच. स्टेट कोट्याच्या उरलेल्या निम्म्या आणि प्रायव्हेट कॉलेजं महाराष्ट्रात सीईटी सेलकडे (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष). दोन्हीकडे वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, एकीकडे भरलं म्हणून दुसरीकडे नाव आपोआप जात नाही.

पात्रता साधी आहे, एमबीबीएस, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि त्या वर्षीच्या तारखेआधी संपलेली इंटर्नशिप. कटऑफ ओपनला ५० पर्सेंटाइल, एससी-एसटी-ओबीसीला ४०, सीट रिकाम्या राहिल्या की खाली आणतात, २०२३ ला तर चक्क शून्यावर आणला होता. स्टेट कोट्याचं ब्रोशर मात्र त्याच वर्षीचं वाचा, कारण जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने पीजीला रहिवासावर आरक्षण चालणार नाही असं सांगितलंय, सीनिअरने फॉरवर्ड केलेली जुनी पीडीएफ कामाची नाही.

कागदं म्हणजे अॅडमिट कार्ड, स्कोअरकार्ड, सगळ्या वर्षांच्या मार्कशीट, डिग्री, इंटर्नशिप कंप्लिशन, रजिस्ट्रेशन, फोटो आयडी. घोळ होतो तो जातीच्या कागदात. स्टेटला जातीच्या दाखल्यासोबत व्हॅलिडिटी (जात पडताळणी प्रमाणपत्र) लागते, ओबीसी असाल तर नॉन क्रिमीलेअरही. ऑल इंडियाला ओबीसीचा दाखला सेंट्रल फॉरमॅटमधलाच हवा आणि जात केंद्राच्या यादीत हवी, तहसीलमधून आणलेलं राज्याचं नॉन क्रिमीलेअर तिथे चालत नाही. व्हॅलिडिटीच्या मागे इंटर्नशिपमध्येच लागा.

आता चॉईस फिलिंग. सॉफ्टवेअर रँकनुसार तुमची लिस्ट वरून खाली बघतं आणि पहिली रिकामी सीट देतं, त्यामुळे 'मिळणारच नाही' म्हणून केईएमचं मेडिसिन खाली टाकून काही फायदा नाही, आणि जी ब्रांच करायचीच नाही ती लिस्टमध्ये नकोच. हॉस्पिटलचं विचारायचं तर एचओडीला (विभागप्रमुखाला) नको, तिथल्या जेआर१ ला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरला विचारा. केईएम, सायन, नायर, जेजे, ससून, नागपूरचं मेडिकल, इथे पेशंटचा लोड प्रचंड, शिकायलाही मिळतं आणि पिट्टाही पडतो. युनिटला रेसिडेंट किती, इमर्जन्सी ड्युटी किती दिवसांनी येते, सर्जरीत खरंच केस हातात देतात का नुसता रिट्रॅक्टर (ऑपरेशनची जागा उघडी ठेवायचं अवजार) धरायचा, रात्री दोनला सीटीसाठी पेशंटची ट्रॉली मामा (वॉर्डबॉय) ढकलतात की जेआर१ स्वतः, होस्टेलला रूम मिळते का, स्टायपेंड वेळेवर होतो का, हे सगळं विचारा, लाजू नका. माझ्या मते नावाजलेल्या कॉलेजातल्या नावडत्या ब्रांचपेक्षा साध्या कॉलेजातली आवडती ब्रांच कधीही बरी. आणि सरकारी सीटला नंतर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड आहे, नाही केला तर ५० लाखांचा दंड, घरी आधीच सांगून ठेवा.

एमसीसीकडे पहिल्या राउंडला मिळालेली सीट सोडली तर रजिस्ट्रेशनला भरलेलं डिपॉझिट जात नाही, दुसऱ्या राउंडला जॉइन नाही झालात तर जातं, ऑल इंडियाला ओपनचं २५ हजार, डीम्डला २ लाख. जॉइन करताना अपग्रेडला, म्हणजे पुढच्या राउंडला लिस्टमधली वरची सीट घ्यायला, हो की नाही ते द्यावं लागतं. हो म्हटलं आणि पुढची सीट लागली की आधीची गेली, ती परत मागता येत नाही, म्हणून दुसऱ्या राउंडच्या लिस्टमध्ये हातातल्या सीटपेक्षा खरंच आवडणारंच टाका.