सेलममध्ये कुणालाही जाळलं नव्हतं

अमेरिकेतल्या सेलम गावात १६९२ साली चेटकिणींना जिवंत जाळलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. प्रत्यक्षात जाळलं कुणालाच नाही. सेलम ज्यात येतं ते मॅसॅच्युसेट्स तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि इंग्रजी कायद्यात चेटुकाला शिक्षा होती फाशीची. जाळण्याची प्रथा स्कॉटलंड आणि जर्मन मुलखातली. तिथल्या हकिकती सेलमला चिकटल्या असाव्यात.

फाशी गेले १९ जण, आणि त्यांत पाच पुरुष होते, हे तर सहसा कुणी सांगतच नाही. एका म्हाताऱ्याने आरोपाला उत्तर द्यायचं नाकारलं, म्हणून त्याला दगडांच्या ओझ्याखाली चिरडलं. निदान पाच जण तुरुंगातच वारले. पडताळायचं असेल तर खटल्याचे कागद वाचा. जून १६९२ मधल्या पहिल्या फाशीचा हुकूमनामा आजही शाबूत आहे. त्यात गळफासच लिहिलेला आहे.