एचआयव्ही उशिरा कळला असेल, तर डोकेदुखी अंगावर काढू नका

आमच्या लॅबमध्ये सीडी-फोर तपासणीसाठी येणाऱ्या पेशंटसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पत्रक आहे.

सीडी-फोर म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी. हा आकडा २०० च्या खाली गेला की आजार पुढच्या टप्प्यात गेला असं धरतात, मग माणूस रोज कामावर जात असला तरी. १०० च्या खाली मेंदूत क्रिप्टोकोकस ही बुरशी किंवा टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी शिरण्याचा धोका फार वाढतो. टीबी तर त्याआधीही मेंदूपर्यंत पोचतो.

बुरशीबद्दल जरा सविस्तर, कारण ती वेळेत पकडता येते. कबुतरांच्या विष्ठेत, मातीत ती असते आणि श्वासावाटे आत जाते. माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा पेशंटचं ताट-वाटी वेगळं करू नका. मेंदूज्वर म्हटलं की सणसणीत ताप आणि ताठलेली मान आठवते. इथे पुष्कळदा नुसतं डोकं दुखतं, आठवडेच्या आठवडे, आणि वाढत जातं. मग उलट्या, एकाचे दोन दिसणं, वागणं बदलणं. घरचे पित्त समजून गोळ्या देत राहतात.

डोकं दुखू लागायच्या काही आठवडे आधीच या बुरशीची खूण रक्तात सापडू शकते. क्रिप्टोकोकल अँटिजेन ही ती तपासणी. उपाशीपोटी यावं लागत नाही. सीडी-फोर २०० च्या खाली आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

ती पॉझिटिव्ह आली तर पाठीतलं पाणी काढायला सांगतात. ‘त्यानं माणूस लुळा होतो’ ही भीती आम्ही नेहमी ऐकतो. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो, सुई त्याच्या खाली घालतात. उलट या आजारात डोक्यात वाढलेला दाब पाणी काढल्यावर उतरतो, दुखणं हलकं होतं.

मेंदूत बुरशी असेल तर आधी तिचं औषध देतात आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, चार ते सहा आठवड्यांनी सुरू करतात. म्हणून डोकेदुखीची गोष्ट एआरटी सेंटरवर पहिल्याच दिवशी सांगा. गोळ्या आधीच चालू असतील, तर स्वतःहून बंद करू नका.

एचआयव्हीची चाचणी आणि एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. पैशांची ओढाताण असेल तर आधी तिथेच जा, माहितीसाठी १०९७ वर फोन करा. आमच्याकडचा रिपोर्ट बंद पाकिटात पेशंटच्याच हातात देतो, फोनवर कुणालाही सांगत नाही.