सलूनच्या माडीवरून सुरू झालेलं हिलेल

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना कॅम्पसच्या कडेला ‘हिलेल’ अशी पाटी कधी ना कधी दिसतेच. शुक्रवारी संध्याकाळी तिथे शब्बाथचं (ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचं) जेवण असतं, सणाला प्रार्थना असते, एरवी गप्पांचा अड्डा. ज्यू विद्यार्थ्यांची ही संस्था आज 500 हून अधिक कॉलेजांत आहे. एवढा पसारा म्हणजे जन्म न्यूयॉर्क-बॉस्टनचा असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात ती सुरू झाली इलिनॉयमधल्या मक्याच्या शेतांनी वेढलेल्या शॅम्पेन-अर्बाना या जोडगावांत.

या गावांत ज्यू विद्यार्थ्यांच्या आधी ज्यू दुकानदार आले. इथलं इलिनॉय विद्यापीठ 1867 चं, आणि शॅम्पेनमधलं कून कुटुंबाचं कपड्यांचं दुकान त्याहूनही जुनं. 1904 मध्ये गावातल्या मूठभर घरांनी मिळून ‘सायनाय टेंपल’ ही प्रार्थनामंडळी उभी केली. पूर्णवेळ राब्बी (ज्यू धर्मगुरू) पोसण्याची ऐपत नव्हती, म्हणून सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजात शिकणारा एखादा होतकरू राब्बी अधूनमधून येई आणि प्रार्थना चालवून परत जाई.

विद्यार्थ्यांचं जग वेगळं होतं. शिकागोहून रेल्वेने दोनेकशे किलोमीटर, सरकारी विद्यापीठ, फी कमी. त्यामुळे स्थलांतरित ज्यू घरांतली मुलं इथे येऊ लागली. त्याच सुमारास पूर्वेकडची नामांकित विद्यापीठं दारं आवळत होती. 1922 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर मर्यादा घालायचं उघड सुचवलं. इलिनॉयमध्ये प्रवेशाला तशी आडकाठी नव्हती. अडचण प्रवेशानंतरची होती. तिथलं विद्यार्थिजीवन फ्रॅटर्निटींभोवती, म्हणजे मुलांच्या निवासी मंडळांभोवती फिरायचं. राहणं, जेवण, पार्ट्या, पुढच्या नोकरीच्या ओळखी, सगळं त्या घरांत. आणि बहुतेक घरं ज्यू मुलांना घेत नसत. मग त्यांनी आपल्या वेगळ्या फ्रॅटर्निटी काढल्या. तिथे राहण्याची सोय झाली, धर्माचं शिक्षण मात्र नव्हतंच.

हे खटकलं एका ख्रिस्ती प्राध्यापकाला. एडवर्ड चॉन्सी बाल्डविन इंग्रजी विभागात बायबल साहित्य म्हणून शिकवत. वर्गातल्या ज्यू मुलांना स्वतःच्याच धर्मग्रंथांची फारशी माहिती नाही, हे पाहून त्यांनी ज्यू पुढाऱ्यांकडे तगादा लावला. सायनाय टेंपलमध्ये येणारा तरुण राब्बी बेंजामिन फ्रँकेल याने काम अंगावर घेतलं आणि 1923 मध्ये एका सलूनच्या वरच्या भाड्याच्या खोल्यांत ते सुरू झालं. पैशांसाठी आयझॅक कून यांच्यासारखे गावातले व्यापारी धावले. पुढे ‘ब्नाय ब्रिथ’ या ज्यूंच्या मोठ्या संघटनेने संस्था दत्तक घेतली. ही हकिगत सांगताना सगळं श्रेय बाल्डविन यांना देऊन मोकळं होण्याची पद्धत आहे. मला ते थोडं एकांगी वाटतं. दर चार वर्षांनी निघून जाणाऱ्या मुलांच्या भरवशावर संस्था टिकत नाही. मागे गावात घर-दुकान असलेली माणसं लागतात, आणि ती इथे होती.

नाव हिलेल या प्राचीन गुरूचं. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातली गोष्ट अशी: फी भरायला पैसे नव्हते म्हणून हिलेल पाठशाळेच्या छपरावर चढून झरोक्यातून धडा ऐकत बसला, रात्री बर्फ पडलं आणि सकाळी तो त्याखाली गोठलेला सापडला. विद्यार्थ्यांच्या संस्थेला याहून चपखल नाव सापडणं कठीण.

आपल्याकडे शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात समाजवार वसतिगृहं उभी केली, ती इथे आठवतात. फरक असा की हिलेल हे वसतिगृह नव्हतं. मुलं झोपायला आपापल्या जागी जात आणि इथे येत ती शिकायला, प्रार्थनेला, नाटक-वादविवाद करायला.

फ्रँकेल 1927 मध्ये जेमतेम तिशीत वारला. त्याच्या जागी इतिहासाचे तरुण अध्यापक एब्रम साकार आले. त्यांनी हे रोपटं देशभर लावलं आणि 1948 मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष म्हणून गेले. 

काळ बदलत होता, पण सावकाश. न्यूयॉर्कच्या रोझलिन ससमन हिला ज्यू आणि त्यातून बाई म्हणून पदार्थविज्ञानाच्या पुढच्या शिक्षणासाठी कुठे दाद लागत नव्हती. 1941 मध्ये इलिनॉयने तिला सहायकाची जागा दिली. युद्धामुळे पुरुष कमी पडत होते, हेही त्यामागे होतंच. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सुमारे 400 अध्यापक-सहायकांत ती एकटी बाई. इथेच तिला राब्बीचा मुलगा ॲरन यालो भेटला, 1943 मध्ये लग्न झालं आणि घरात कोशर (ज्यू आहारनियमांनुसारचा) स्वयंपाक चालू राहिला. 1977 च्या नोबेलवर नाव आहे ते याच रोझलिन यालोचं.

युद्धानंतर विद्यार्थ्यांची लाट आली आणि 1951 मध्ये हिलेलला नवी आधुनिक इमारत मिळाली. वास्तुविशारद मॅक्स ॲब्रामोविट्झ हे याच विद्यापीठाचे 1929 चे पदवीधर, शिकागोचे. पुढे विद्यापीठाचं बशीसारखं असेंब्ली हॉलही त्यांनीच बांधलं. फ्रॅटर्निटींचे दरवाजे हळूहळू उघडले, तसं हिलेलला नाइलाजाने येणाऱ्यांचं प्रमाण घटलं. मग आवडीने येतील असं काहीतरी देणं भाग पडलं. 1990 च्या दशकात हिलेल ब्नाय ब्रिथपासून वेगळी झाली आणि देणगीदार शोधत स्वतःच्या पायावर उभी राहिली.

अलीकडचे वाद इस्रायल-पॅलेस्टाइनवरून होतात. ज्यू विद्यार्थ्यांना त्रास होत असल्याच्या तक्रारींवरून 2024 मध्ये विद्यापीठाला केंद्राच्या शिक्षण खात्याशी करार करावा लागला. काही ज्यू विद्यार्थी मात्र इस्रायलबाबतच्या हिलेलच्या धोरणावरच आक्षेप घेतात आणि शुक्रवारचं जेवण वेगळीकडे मांडतात.