गजराचे घड्याळ

गजराचे घड्याळ : आधी ठरवून दिलेल्या वेळी आवाज, प्रकाश किंवा कंप यांच्या साहाय्याने झोपलेल्या माणसाला जागे करणारे घड्याळ. घरगुती बोलण्यात त्याला ‘टाइमपीस’ किंवा नुसते ‘अलार्म’ असेही म्हणतात. प्रस्तुत नोंदीत उशाशी ठेवायच्या लहान घड्याळाचा आणि ते वापरायला सोपे व्हावे यासाठी करावयाच्या रचनेचा मुख्यत्वे विचार केला आहे; मनोऱ्यावरील टोल्यांच्या घड्याळांचा उल्लेख केवळ संदर्भापुरता येतो.

संज्ञा : ‘अलार्म’ हा शब्द ‘शस्त्रे उचला’ या अर्थाच्या इटालियन सैनिकी हाकेवरून आला, याविषयी मतभेद नाही. ‘गजर’ या मराठी शब्दाचे तसे नाही. तो संस्कृत ‘गर्ज्’ या धातूशी संबंधित असून वाद्यांचा गजर, नामाचा गजर या प्रयोगांतून घड्याळाकडे आला, असे एक मत मांडता येते. दुसरीकडे, उत्तर हिंदुस्थानात प्रहर संपताना किंवा पहाटे धातूच्या थाळीवर एकापाठोपाठ जलद ठोके देण्यालाही ‘गजर’ म्हणत असत. घड्याळाच्या संदर्भातील अर्थ या दुसऱ्या वाटेने आला असावा, हे अधिक सयुक्तिक वाटते; कारण ‘गजर लावणे’ या प्रयोगात सामूहिक घोषाची छटा नसून ठरल्या वेळच्या ठोक्यांची आहे. ‘तास’ हा शब्दही धातूचे पात्र किंवा थाळी या अर्थाच्या फार्सी-अरबी शब्दावरून आल्याचे सामान्यतः मानले जाते, आणि घड्याळासाठीचा इंग्रजी शब्द ‘क्लॉक’ हा मध्ययुगीन लॅटिनमधील घंटावाचक शब्दाशी निगडित आहे. वेळ डोळ्यांनी पाहण्याआधी ती कानांनी ऐकली जात होती, याची खूण या तिन्ही शब्दांत राहिली आहे.

उगम : गजराच्या घड्याळाचा पहिला निर्माता म्हणून अनेकदा प्लेटोचे नाव घेतले जाते. या समजुतीचा आधार एवढाच, की इ. स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील अथीनीअस या ग्रीक लेखकाने एका जुन्या लेखकाच्या हवाल्याने असे नोंदवले आहे, की प्लेटोने जलवाद्यासारखे (पाण्याच्या जोरावर वाजणाऱ्या वाद्यासारखे) दिसणारे एक मोठे रात्रीचे जलघड्याळ तयार केले होते. ही नोंद प्लेटोच्या मृत्यूनंतर सुमारे साडेपाचशे वर्षांनी लिहिली गेली, आणि ते घड्याळ शिष्यांना पहाटे उठवण्यासाठी होते असे तीत म्हटलेले नाही. तो तपशील नंतरच्या अभ्यासकांच्या पुनर्रचनेतून आला आहे. त्यामुळे प्लेटोचे श्रेय संभाव्य या कोटीतच ठेवणे इष्ट ठरते. त्या मानाने इ. स. पू. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा यंत्रज्ञ टेसिबियस याचा दावा बळकट आहे. त्याच्या जलघड्याळांत खडे खाली पडत व तुतारी वाजे, असे रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हिअस याने सांगितले आहे. तथापि ही योजना पाहणाऱ्यांना थक्क करण्यासाठी अधिक असावी. झोपमोड हा तिचा हेतू होता, असे दाखवता येत नाही.

झोपलेल्याला उठवणे हाच ज्यांचा हेतू होता, अशी यंत्रे यूरोपातील ख्रिस्ती मठांमध्ये आढळतात. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीनुसार मठवासीयांना अंधार असतानाच प्रार्थनेसाठी उठावे लागे, आणि ती वेळ चुकणे हा दोष मानला जाई. स्पेनमधील रिपोल येथील मठातल्या, सामान्यतः दहाव्या-अकराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका हस्तलिखिताच्या उपलब्ध भागात जलघड्याळाला जोडलेल्या, घंट्या वाजवणाऱ्या यंत्रणेचे वर्णन आहे. इंग्लंडमधील बेरी सेंट एडमंड्स येथील मठात ११९८ साली रात्री आग लागली, तेव्हा काही जण पाण्यासाठी विहिरीकडे तर काही घड्याळाकडे धावले, असे तेथील जोसेलिन या बखरकाराने लिहिले आहे. घड्याळ पाण्यावर चालणारे व चांगलेच मोठे होते, हे या एका वाक्यावरून कळते.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात वजनावर चालणारे यांत्रिक घड्याळ यूरोपात अवतरले. त्याचा प्राण म्हणजे चक्राला एकेक दात पुढे सोडणारी ‘एस्केपमेंट’ ही योजना. ती कोठून सुचली, हा वादाचा प्रश्न आहे. काहींच्या मते ती चीनमधून आलेल्या माहितीवर आधारलेली असावी. अकराव्या शतकाच्या अखेरीस चिनी विद्वान सू सुंग याने कायफेंग येथे उभारलेले जलचलित खगोलयंत्र त्यासाठी पुढे केले जाते. मात्र त्या यंत्रातील योजना आणि यूरोपीय योजना यांत रचनेचे साम्य अल्प आहे. दुसऱ्या मतानुसार, मठातील गजरयंत्रात घंटेवरची हातोडी दोन्ही बाजूंना झुलवणारा जो दांडा होता, तोच पुढे घड्याळाच्या गतीचा नियामक झाला. प्रत्यक्ष पुरावा या मतालाही नाही, परंतु ते यंत्रशास्त्राच्या दृष्टीने सरळ आहे. ते ग्राह्य मानल्यास घड्याळाला गजर जोडला गेला, असे न म्हणता गजरातून घड्याळ निघाले, असे म्हणावे लागेल.

भारतात तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर ठेवून, ते बुडण्यास लागणाऱ्या २४ मिनिटांची एक घटिका मोजली जाई आणि अहोरात्राच्या ६० घटिका धरल्या जात. पात्र बुडाले की थाळीवर टोला देण्यासाठी माणूस नेमलेला असे; बाबराने आपल्या आत्मचरित्रात या घडियाली लोकांचे वर्णन केले आहे. हे यंत्र स्वतः वाजत नसल्यामुळे त्याला गजराचे घड्याळ म्हणता येत नाही. महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळातील पाण्यात घटिकापात्र सोडण्याची प्रथा काही घरांत अद्याप आहे, आणि ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्याच पात्रावरून आला आहे.

घरगुती घड्याळाकडे वाटचाल : अमेरिकेतील न्यू हॅम्पशरमधील लीव्हाय हचिन्झ याने १७८७ साली पहिले गजराचे घड्याळ बनवले, हे विधान अनेक ठिकाणी आढळते. ते टिकणारे नाही. हचिन्झचे घड्याळ फक्त पहाटे चार वाजता वाजे, कारण त्याला स्वतःला तेव्हाच उठायचे असे. हवी ती वेळ लावता येणारी गजराची चकती सतराव्या शतकातील इंग्रजी कंदील-घड्याळांच्या तबकडीच्या मध्यभागी सर्रास दिसते. फ्रान्समधील आंत्वान रेदिए याने १८४७ मध्ये घेतलेले पेटंट आणि कनेटिकटमधील सेथ टॉमस कंपनीचे १८७६ मधील पेटंट यांचे महत्त्व शोधापेक्षा आकाराचे व किमतीचे आहे. त्यानंतर गजर भिंतीवरून उशाशी आला. स्वस्त घड्याळ घरोघर पोचेपर्यंत ब्रिटनच्या औद्योगिक नगरांत लांब काठीने खिडकीवर ठकठक करून कामगारांना उठवणारे लोक पैसे घेऊन हे काम करीत.

इलिनॉयमधील वेस्टर्न क्लॉक कंपनीने १९१०च्या सुमारास बाजारात आणलेल्या ‘बिग बेन’ या घड्याळात डोक्यावरच्या उघड्या घंट्या काढून घंटा पाठीमागे बसवली गेली, त्यामुळे पेटी स्वच्छ व गोल झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत १९४२ साली गजराच्या घड्याळांचे उत्पादन थांबवण्यात आले. पुढे कामगार वेळेवर पोचेनात, म्हणून कमी धातू लागणारे साधे घड्याळ बनवण्यास पुन्हा मुभा द्यावी लागली.

यंत्रणा : चावीच्या टाइमपीसमध्ये दोन स्प्रिंगा असतात, एक चालण्यासाठी व दुसरी गजरासाठी; म्हणूनच पाठीमागे दोन चाव्या असतात. गजराच्या काट्याच्या दांड्यावर एक कडे असून त्याच्या कडेला एका बाजूने हळू चढत जाणारा उतार व दुसऱ्या बाजूने उभी भिंत असलेली खाच असते. तासाचे चक्र या कड्याला सतत टेकून फिरते. तासकाटा व गजराचा काटा एका रेषेत आले, की चक्रावरचा उंचवटा खाचेत पडतो, चक्र सुमारे एक मिलिमीटर सरकते आणि हातोडी अडवून धरणारी पट्टी सुटते. काटे असलेल्या व सेलवर चालणाऱ्या बहुतेक क्वार्ट्‌झ घड्याळांतही हीच खाच वापरली जाते. फक्त पट्टी सुटण्याऐवजी विजेचा संपर्क जुळतो.

या छोट्या खाचेतून वापरणाऱ्याच्या बहुतेक तक्रारी उगम पावतात. तासाचे चक्र मिनिटाला अवघे अर्धा अंश फिरते. दहा मिलिमीटर त्रिज्येच्या चकतीवर हे अंतर सुमारे ०.०९ मिलिमीटर, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीइतके भरते. साहजिकच गजर पाच-दहा मिनिटे मागेपुढे होतो. खाचेच्या उभ्या भिंतीमुळे पुष्कळ घड्याळांत गजराचा काटा एकाच दिशेने फिरवावा लागतो. पाठीमागचा लहानसा बाण ते सांगतो, पण अंधारात तो दिसत नाही आणि उलट जोर लावल्यास दांडा बिघडतो. शिवाय हे चक्र बारा तासांचे असल्यामुळे संध्याकाळी साडेपाचला पहाटे सहाचा गजर लावून ठेवला, तर तो अर्ध्या तासात वाजतो. आकडी (डिजिटल) घड्याळांत हा प्रश्न सुटला, परंतु त्याऐवजी ‘ए. एम.’ की ‘पी. एम.’ हा प्रश्न आला. तो दाखवणारा ठिपका पुष्कळदा आकड्यांच्या कोपऱ्यात मोहरीएवढा असतो.

अभिकल्प (डिझाइन) : उशाशी ठेवायच्या घड्याळाची खरी अडचण अशी, की ते लावणारा माणूस पेंगुळलेला असतो आणि बंद करणारा अर्धवट जागा. जाग आल्यावर काही मिनिटे, बहुधा पंधरा ते तीस मिनिटांपर्यंत, निर्णयशक्ती व हालचाल मंदावलेली राहते. त्यामुळे दुकानात हातात घेऊन सोपे वाटणारे घड्याळ पहाटे सोपे असेलच असे नाही. गजर तात्पुरता थांबवणारी कळ मोठी, वरच्या बाजूला व चाचपून सापडणारी असावी. गजर पूर्ण बंद करणारी कळ मात्र वेगळ्या जागी, वेगळ्या आकाराची व वेगळ्या हालचालीची, उदाहरणार्थ सरकवायची, असावी, म्हणजे झोपेत एकीच्या जागी दुसरी दाबली जाणार नाही. वेळ व गजर लावण्यासाठी एकच कळ ‘दोनदा दाबा, धरून ठेवा’ अशा संकेतांनी वापरण्याची पद्धत उत्पादकाचा खर्च वाचवते, एवढेच तिच्या बाजूने म्हणता येईल. गजर लावलेला आहे की नाही, हे दिवा न लावता कळणे हीही तितकीच आवश्यक गोष्ट आहे. कळ वर उचललेली असली की गजर चालू, ही जुन्या टाइमपीसमधील योजना बोटांना कळते, म्हणून ती आजही सरस ठरते.

साधेपणाचा आदर्श म्हणून जर्मनीतील ब्राउन कंपनीच्या घड्याळांकडे बोट दाखवले जाते. तिचे अभिकल्पक डीटर राम्स व डीट्रिख लुब्स यांनी १९७० च्या दशकात आणि लुब्स यांनी पुढे १९८७ च्या ‘एबी १’ या घड्याळात काळ्या तबकडीवर पांढरे आकडे, पिवळा सेकंदकाटा व मोजक्या कळा एवढ्यावर काम भागवले. रंग येथे शोभेसाठी नसून काटे ओळखू येण्यासाठी आहेत. याच कंपनीने १९८० च्या दशकात आवाज दिला असता थांबणारे घड्याळही काढले होते. शेजारी झोपलेल्याला ते कितपत मानवले असेल, हा निराळा भाग.

ध्वनीच्या बाबतीत अलीकडील संशोधन महत्त्वाचे आहे. स्वस्त घड्याळातील बारीक, किरटा ‘पीप-पीप’ आवाज बहुधा २,००० ते ४,००० हर्ट्झच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या) दरम्यान असतो. वाढत्या वयात ऐकू येणे कमी होते ते प्रथम उच्च कंप्रतेचेच. धुराच्या सूचकांविषयी ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांत सुमारे ३,१०० हर्ट्झच्या आवाजापेक्षा ५२० हर्ट्झचा चौकोनी तरंगाचा आवाज मुले व ऐकू कमी येणारे लोक यांना उठवण्यास पुष्कळ अधिक परिणामकारक ठरला, आणि अमेरिकेतील आगसूचनेच्या मानकाने झोपण्याच्या खोल्यांसाठी तो स्वीकारला. घड्याळे बनवणाऱ्यांनी त्याची दखल क्वचितच घेतली आहे. हळू सुरू होऊन वाढत जाणारा आवाज मात्र आता सामान्य झाला आहे.

अंधारात दिसण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काट्यांना रेडियमयुक्त रंग लावत. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरणाऱ्या अमेरिकी कामगार स्त्रियांना झालेले जीवघेणे आजार व त्यांचे खटले यांतून औद्योगिक सुरक्षेच्या कायद्यांना चालना मिळाली. आता प्रकाश साठवणारी, किरणोत्सर्ग नसलेली द्रव्ये वापरतात. आकडी घड्याळांत निळा व पांढरा उजेड टाळून मंद लाल उजेड ठेवणे श्रेयस्कर, कारण निळ्या प्रकाशाने झोपेशी संबंधित मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवण अधिक दबते.

तात्पुरत्या थांब्याची, म्हणजे ‘स्नूझ’ची सोय जनरल इलेक्ट्रिक-टेलेक्रॉनच्या १९५६ मधील घड्याळामुळे रूढ झाली. हा थांबा पुष्कळ घड्याळांत नऊ मिनिटांचा का असतो, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात : तयार दंतचक्रांत तेवढेच अंतर सोयीचे बसले, किंवा आकडी घड्याळातील विद्युत् मंडलाला केवळ शेवटचा आकडा तपासावा लागतो. आकडी घड्याळे नंतरची असल्यामुळे पहिले स्पष्टीकरण अधिक संभवनीय वाटते. या सोयीचा गैरवापर रोखण्यासाठी गौरी नंदा हिने एमआयटी या अमेरिकेतील तंत्रविद्येच्या विद्यापीठात विद्यार्थिनी असताना चाकांवर पळून लपणारे ‘क्लॉकी’ हे घड्याळ तयार केले. त्याला २००५ चा अर्थशास्त्राचा इग नोबेल हा विनोदी पुरस्कार मिळाला.

मोबाईल फोन आल्यापासून वेगळे घड्याळ मागे पडले. काही जुने मोबाईल बंद असतानाही गजर देत. आजचे बहुतेक फोन तसे करीत नाहीत, त्यामुळे रात्री बॅटरी संपल्यास गजरही होत नाही. एका पेन्सिल सेलवर वर्षभर चालणारा क्वार्ट्‌झ टाइमपीस या एका बाबतीत अद्याप वरचढ आहे. बहिऱ्या व्यक्तींसाठी उशीखाली ठेवायची कंप पावणारी चकती जोडलेली घड्याळे मिळतात.