मॉर्मन श्रद्धा आणि पारंपरिक ख्रिस्ती शिकवण

जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या पंथाचे अनुयायी मॉर्मन म्हणून ओळखले जातात. पंथाचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असून मुख्यालय यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. ‘मॉर्मन’ हे नाव वापरू नये, असा पंथाच्या नेतृत्वाचा २०१८ पासून आग्रह आहे. रूढ असल्यामुळे या नोंदीत ते ठेवले आहे.

मॉर्मन येशूला तारणारा मानतात, बायबल वाचतात, बाप्तिस्मा देतात आणि स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि मुख्य प्रॉटेस्टंट मंडळ्यांना त्यांचा हा दावा मान्य नाही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचा वाद कृपा, संस्कार, पोपचा अधिकार अशा गोष्टींवरून आहे, देव कोण यावरून नाही. मॉर्मनांशी असलेला मतभेद नेमका तिथूनच सुरू होतो. देवाचे स्वरूप आणि मंडळीचा अधिकार या दोन मुद्द्यांवर वाट फुटते आणि बाकीचे जवळजवळ सगळे भेद त्यातून निघतात.

अधिकार लोपला की टिकला?

स्मिथ यांच्या कथनानुसार १८२० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पामायरा गावाजवळच्या झाडीत प्रार्थना करताना त्यांना पिता आणि पुत्र अशा दोन वेगळ्या व्यक्ती दिसल्या. कोणत्याही विद्यमान मंडळीत सामील होऊ नकोस, असे त्यांना सांगण्यात आले. या दर्शनाची स्मिथ यांनीच दिलेली एकाहून अधिक वर्णने आहेत आणि ती तपशिलात जुळत नाहीत. पंथाने १८३८ चे वर्णन धर्मग्रंथात घेतले आहे.

या दर्शनामागचा सिद्धान्त असा : प्रेषितांच्या मृत्यूनंतर ख्रिस्ताने दिलेला अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला. १५ मे १८२९ रोजी पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीकाठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने स्वर्गातून येऊन स्मिथ आणि त्यांचे लेखनिक ऑलिव्हर काउडरी यांना अहरोनी, म्हणजे कनिष्ठ पायरीचे, याजकपण दिले. पुढे पेत्र, याकोब व योहान या प्रेषितांनी मलकीसदेकी, म्हणजे वरिष्ठ, याजकपण दिले. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या प्रेषितांपासूनची परंपरा अखंड मानतात. प्रॉटेस्टंट म्हणतात की मंडळी बिघडली होती, ती पवित्र शास्त्राच्या आधारे दुरुस्त केली. मॉर्मनांना सुधारणाही नको आणि अखंडताही मान्य नाही. त्यांच्या लेखी पुनःस्थापनेवाचून गत्यंतरच नव्हते.

याजकपण वेगळ्या शिक्षणातून आलेल्या वर्गाकडे नसते. मुलगे साधारण बाराव्या वर्षी डीकन, चौदाव्या वर्षी शिक्षक, सोळाव्या वर्षी याजक होतात. मलकीसदेकी याजकपण अठराव्या वर्षापासून मिळते. स्त्रियांना याजकपण दिले जात नाही. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांनाही ते जून १९७८ पर्यंत नाकारले जात होते. स्थानिक मंडळीचा प्रमुख ‘बिशप’ हा आपला नोकरीधंदा सांभाळून काही वर्षे बिनपगारी काम करणारा सामान्य सभासद असतो. कॅथलिक धर्मप्रांताच्या बिशपशी त्याची गल्लत करू नये.

देवाचे स्वरूप

नायसिया येथील ख्रिस्ती बिशपांच्या परिषदेने (इ.स. ३२५) पुत्र हा पित्याशी ‘एकतत्त्व’ असल्याचे ठरवले. एकच देव, तीन व्यक्ती, एक तत्त्व हे त्र्यैक्य बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांचा पाया आहे. मॉर्मन हा विश्वासांगीकार मानत नाहीत. त्यांच्या मते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन स्वतंत्र अस्तित्वे असून त्यांचे ऐक्य हेतूचे आहे, तत्त्वाचे नाही. पंथाच्या ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ या धर्मग्रंथाचा १३० वा अध्याय (२२ वे वचन) पित्याला मांस-हाडांचे शरीर आहे, असे स्पष्ट सांगतो, पुत्रालाही तसेच. पवित्र आत्म्याला मात्र असे शरीर नाही. पारंपरिक शिकवणीत पिता अशरीरी आहे आणि देहधारण केवळ पुत्राचे झाले.

याहून खोल भेद स्मिथ यांच्या ७ एप्रिल १८४४ च्या प्रवचनात आहे. मृत्यूच्या काही आठवडे आधी इलिनॉयमधील नॉवू येथे त्यांनी सांगितले की, देव पूर्वी आपल्यासारखाच मनुष्य होता आणि मनुष्यही त्या पदाला पोहोचू शकतो. हे प्रवचन अधिकृत ग्रंथांत नाही, आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाबद्दल अलीकडचे नेते जपून बोलतात. दुसरा अर्धा भाग, म्हणजे मनुष्याचे उन्नयन, आजही शिकवला जातो. ऑर्थोडॉक्स परंपरेतही मनुष्याच्या ‘देवीकरणा’ची शिकवण आहे आणि मॉर्मन अभ्यासक तिचा दाखला देतात. दाखला आकर्षक आहे, पण अपुरा. ऑर्थोडॉक्स शिकवणीत निर्माता आणि निर्मित यांच्यातली दरी कायम राहते, मनुष्य कृपेने सहभागी होतो. मॉर्मन शिकवणीत देव आणि मनुष्य एकाच जातीचे आहेत, फरक प्रगतीचा आहे.

म्हणूनच विश्व शून्यातून निर्माण झाले हेही मॉर्मन मानत नाहीत. द्रव्य अनादी आहे, देवाने त्याला रचना दिली. मनुष्याचा आत्मा जन्मापूर्वीच स्वर्गीय माता-पित्यांचे अपत्य म्हणून अस्तित्वात होता. येशू हा त्या आत्मिक अपत्यांत ज्येष्ठ. जुन्या करारातला यहोवा तोच. सैतानही त्याच अपत्यांपैकी बंड करणारा. ‘मॉर्मन येशूला सैतानाचा भाऊ म्हणतात’ हा टीकाकारांचा आवडता आरोप इथून येतो. शब्दशः पाहता तो खोटा नाही, पण त्या हिशेबाने प्रत्येक माणूसही दोघांचा भाऊ ठरतो, हे आरोप करणारे सहसा सांगत नाहीत.

पतन आणि तारण

पारंपरिक पाश्चात्त्य शिकवणीत आदामाच्या पापाने मानवी स्वभाव दूषित झाला. मॉर्मनांच्या तेरा विश्वाससूत्रांपैकी दुसरे सूत्र म्हणते की, मनुष्याला शिक्षा स्वतःच्या पापांची होते, आदामाच्या अपराधाची नाही. आदामाचे पतन हे योजनेतले आवश्यक पाऊल होते. त्यावाचून मानववंशच झाला नसता. मूळ पाप नाही, त्यामुळे तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला अर्थ उरत नाही. बुक ऑफ मॉर्मन या पंथाच्या स्वतंत्र धर्मग्रंथात त्याचा कडक निषेध आहे. ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तात वधस्तंभाइतकाच, कधी त्याहून अधिक, भर गेथशेमाने बागेतल्या यातनांवर असतो. त्यांच्या उपासनागृहांवर क्रूस दिसत नाही.

प्रॉटेस्टंट मंडळ्या तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते असे सांगतात (इफिस २:८–९). बुक ऑफ मॉर्मनचे बहुचर्चित वचन आहे की, आपल्याला शक्य ते सर्व केल्यानंतर आपले तारण कृपेनेच होते (२ नेफी २५:२३). वाद घालताना दोन्ही बाजू बहुधा एक फरक विसरतात. मॉर्मनांच्या मते पुनरुत्थान सर्वांना फुकट मिळते. आज्ञापालन आणि विधी लागतात ते सर्वोच्च पदासाठी. १८३२ च्या एका प्रकटीकरणानुसार स्वर्गीय गौरवाच्या तीन पायऱ्या आहेत. आधार १ करिंथ १५:४०–४१ मधील सूर्य, चंद्र आणि तारे यांच्या तेजाचा दिला जातो. बहुतेक दुष्ट माणसेही शिक्षा भोगून सर्वांत खालच्या गौरवात जातात. बाहेरच्या अंधारात कायमचे जाणारे अगदी थोडे. स्वर्ग आणि नरक अशी सरळ विभागणी इथे नाही.

धर्मग्रंथ

बायबल, बुक ऑफ मॉर्मन, डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स आणि पर्ल ऑफ ग्रेट प्राइस असे चार ग्रंथ प्रमाण आहेत. बायबल ‘जितके अचूक भाषांतरित झाले आहे तितके’ देवाचे वचन मानले जाते. बुक ऑफ मॉर्मनची पहिली आवृत्ती १८३० मध्ये पामायरा येथे ५,००० प्रतींची निघाली. यरुशलेमहून इ.स.पू. ६०० च्या सुमारास निघून अमेरिकेत पोहोचलेल्या एका घराण्याची हकिकत आणि पुनरुत्थित येशूने त्या लोकांना दिलेली भेट हा त्याचा विषय. आपण तो सोन्याच्या पत्र्यांवरून भाषांतरित केला, असे स्मिथ सांगत. पंथाबाहेरच्या पुरातत्त्वज्ञांना या इतिहासाला पुष्टी मिळालेली नाही. पर्ल ऑफ ग्रेट प्राइसमधील अब्राहामाच्या ग्रंथाची अडचण अधिक ठोस आहे. हा ग्रंथ ज्यांवरून भाषांतरित केला असे स्मिथ सांगत, त्या इजिप्ती पपायरसांचे काही तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातून परत मिळाले, आणि त्यांवर मृतांसाठीचा नेहमीचा इजिप्ती मजकूर आहे, हे इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी वाचून दाखवले.

शास्त्रात भर घालू नये असे बायबलच्या शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातले २२:१८ हे वचन सांगते, हा पारंपरिक आक्षेप. त्यावर मॉर्मन जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातले ४:२ हे वचन दाखवतात. तिथेही तीच ताकीद आहे आणि त्यानंतर बायबलमध्ये डझनावारी पुस्तके आली. पारंपरिक मंडळ्यांचे अधिक वजनदार म्हणणे वेगळे आहे : ख्रिस्तात प्रकटीकरण पूर्ण झाले. मॉर्मनांसाठी ते चालू आहे, आणि पंथाचा अध्यक्ष हा जिवंत संदेष्टा आहे. बहुपत्नीत्व १८५२ मध्ये उघडपणे जाहीर झाले आणि १८९० च्या घोषणेने अधिकृतपणे थांबले, हे याच तत्त्वामुळे शक्य झाले. आज बहुपत्नीत्व पाळणारे गट पंथाबाहेरचे आहेत.

बाप्तिस्मा : शब्द तेच, मान्यता नाही

सगळा मतभेद एका ठिकाणी पाहायचा तर बाप्तिस्मा पाहावा. मॉर्मन बाप्तिस्मा किमान आठव्या वर्षी होतो. उमेदवार आणि विधी करणारा दोघे पांढऱ्या कपड्यांत कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. विधी करणारा उजवा हात कोपरात काटकोनात वर धरतो, उमेदवाराचे पूर्ण नाव घेतो आणि ठरलेले वाक्य म्हणतो : येशू ख्रिस्ताने अधिकार दिल्यामुळे मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. मग उमेदवाराला मागे झुकवून पूर्ण बुडवतात. दोन साक्षीदार नजर ठेवतात. पायाचा अंगठा, केस किंवा कपड्याचे टोक पाण्यावर तरंगले, अथवा वाक्यातला शब्द चुकला, तर विधी पुन्हा. लहान मुलांचे पाय हमखास वर येतात, म्हणून गुडघे वाकवायला आधीच शिकवतात. त्यानंतर डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्याचे दान दिले जाते.

कॅथलिक मंडळीचे निकष बाहेरून पाहता सैल आहेत : पाणी, त्र्यैक्याचे सूत्र आणि मंडळी जे करते ते करण्याचा हेतू. निकडीच्या वेळी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीही बाप्तिस्मा देऊ शकते. त्यामुळे बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा बाप्तिस्मा कॅथलिकांना चालतो. मॉर्मनांच्या बाप्तिस्म्यात पाणीही आहे, तिन्ही नावेही आहेत. तरी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने ५ जून २००१ रोजी तो अवैध ठरवला. कारण असे की, ती नावे ज्यांची घेतली जातात ते त्र्यैक्य नव्हे, आणि म्हणून हेतूही तो नव्हे. व्यवहारात कॅथलिक आणि मॉर्मन यांचा विवाह चर्चमध्ये लावायचा झाल्यास तो बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह धरतात आणि त्यासाठी धर्मभेदाची सूट घ्यावी लागते. प्रॉटेस्टंट जोडीदाराच्या बाबतीत नुसती परवानगी पुरते. उलट बाजूही तितकीच ठाम आहे : कॅथलिक असो वा बॅप्टिस्ट, मॉर्मन होताना पुन्हा बाप्तिस्मा घ्यावाच लागतो, कारण त्यांच्या मते आधीच्याला अधिकारच नव्हता.

मृतांसाठी बाप्तिस्मा ही प्रथा स्मिथ यांनी १८४० मध्ये नॉवूत जाहीर केली. आधार १ करिंथ १५:२९ चा. मंदिरातले कुंड बारा बैलांच्या मूर्तींवर असते (१ राजे ७:२५ प्रमाणे) आणि जिवंत सभासद मृताच्या नावे बुडी घेतो. मृताला परलोकात ते स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची मुभा असते, आणि त्याची गणना सभासदांत होत नाही. सभासदांनी स्वतःच्या पूर्वजांचीच नावे द्यावीत आणि मृताचा जन्म गेल्या ११० वर्षांतला असल्यास जवळच्या नातेवाइकाची संमती घ्यावी, असा नियम आहे. तो मोडला जातो. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे नोंदली गेल्यावर १९९५ मध्ये ज्यू संघटनांशी करार करावा लागला, तरी अशी नावे पुढेही सापडत राहिली. व्हॅटिकननेही २००८ मध्ये धर्मप्रांतांना कळवले की, पॅरिशच्या नोंदवह्या पंथाच्या वंशावळी संस्थेला देऊ नयेत.

मंदिर आणि साप्ताहिक उपासना

रविवारची उपासना कोणालाही खुली असते. तीत पाव आणि छोट्या पेल्यांतून पाणी दिले जाते, द्राक्षारस नाही. दोन्ही प्रार्थनांचे शब्द ठरलेले असतात, आणि वाचणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अडखळला तर बिशप मान हलवून पुन्हा वाचायला लावतो. मंदिरात मात्र प्रवेशपत्र लागते. ते बिशप आणि स्टेक-अध्यक्ष (अनेक स्थानिक मंडळ्यांच्या गटाचा प्रमुख) अशा दोन मुलाखतींनंतर दोन वर्षांसाठी मिळते. उत्पन्नाचा दशांश, शरीरसंबंधांतील शुचिता आणि १८३३ चा आहारनियम (दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य) यांबद्दल त्या मुलाखतींत विचारतात. मंदिरात पती-पत्नी अनंतकाळासाठी जोडले जातात. मत्तय २२:३० नुसार पुनरुत्थानानंतर लग्न नसते, असे पारंपरिक मंडळ्या मानतात. सभासद नसलेल्या आईवडिलांना या विधीला बसता येत नाही. त्यामुळे घरोघरी कटुता येते. आधी नागरी विवाह केल्यास मंदिरविधीसाठी वर्षभर थांबण्याची अट अमेरिकेत होती, ती २०१९ मध्ये काढली गेली.

स्मिथ यांचा वारसा सांगणारे सगळेच असे मानत नाहीत. मिसूरीतील ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ ही शाखा त्र्यैक्याच्या जवळ गेली आहे आणि १९८५ पासून स्त्रियांनाही याजकपण देते.

भारतात मॉर्मन प्रचारक १८५० च्या दशकात आले. १८५२ मध्ये मुंबईत उतरलेले स्कॉटिश प्रचारक ह्यू फिंडले यांनी पुण्यातही काम केले, पण ते टिकले नाही. सध्याच्या कामाचे केंद्र दक्षिणेत आहे; बेंगळुरू येथील भारतातल्या पहिल्या मंदिराची घोषणा २०१८ मध्ये आणि पायाभरणी डिसेंबर २०२० मध्ये झाली.