युद्धोत्तर जपानी सबमिनिएचर कॅमेरे : निर्माते आणि आयातदार

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-अडीच दशकांत जपानमध्ये तयार झालेले, मुठीत सहज मावणारे कॅमेरे. नेहमीच्या ३५ मिमी. फिल्मवर २४ × ३६ मिमी.ची चौकट उमटते. या कॅमेऱ्यांत ती १४ × १४ किंवा १० × १४ मिमी. इतकी लहान असे. त्यांचा इतिहास लिहिताना पहिली अडचण नावांची येते. कॅमेऱ्यावर कोरलेले नाव कधी कारखानदाराचे असते, कधी टोकियोतल्या पेढीचे, तर कधी अमेरिकेत माल उतरवून घेणाऱ्या आयातदाराने स्वतः ठरवलेले. जपानी नावांतूनच थोडा उलगडा होतो. ‘शोकाई’ म्हणजे व्यापारी पेढी आणि ‘कोगाकु’ म्हणजे प्रकाशिकी. ‘मिजेट’ (१९३७) हा कॅमेरा मिसुझु शोकाईने बाजारात आणला आणि ‘मायक्रो’ सान्वा शोकाईने. म्हणजे या धंद्याच्या मुळाशी कारागिराइतकाच व्यापारीही होता.

मिजेटची फिल्म १७.५ मिमी. रुंदीची, म्हणजे ३५ मिमी.च्या बरोबर निम्मी. मागे कागदाची पट्टी लावून ती छोट्या रिळावर गुंडाळलेली असे आणि एका रिळात दहा छायाचित्रे निघत. हे माप युद्धापूर्वीचे, पण त्याचे खरे दिवस युद्धानंतर आले. देश उद्ध्वस्त होता, कच्चा माल तुटपुंजा होता आणि परकीय चलनाची निकड होती. चौकट लहान असली की भिंग लहान पुरते, शटर साधे चालते, धातूचा पत्राही थोडाच लागतो. त्यामुळे मोठ्या भांडवलाचा कारखाना नसलेल्यांनाही असा कॅमेरा बनवणे जमू लागले. एप्रिल १९४९ मध्ये एका डॉलरला ३६० येन हा दर ठरला आणि हा माल अमेरिकी गिऱ्हाइकाला फारच स्वस्त पडू लागला.

या काळाची खूण म्हणजे ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ ही अक्षरे. १९४७ पासून निर्यातीच्या मालावर ती येऊ लागली. २८ एप्रिल १९५२ रोजी दोस्त राष्ट्रांचा ताबा संपला आणि त्या अक्षरांची गरजही संपली. ती अक्षरे असलेला नग संग्राहक आजही वेगळा काढून ठेवतात.

या १७.५ मिमी.च्या मापात सर्वांत जास्त पसरला तो ‘हिट’, तोगोदो या कंपनीचा. हातात घेतला तर लांबी काडेपेटीएवढी. दाबून घडवलेला पत्रा, त्यावर क्रोमची झळाळी आणि चामड्यासारखे आवरण. भिंगाशेजारी इवलीशी कळ, वर फिल्म पुढे सरकवायची घुंडी, पाठीवर चित्राचा आकडा दिसावा म्हणून लाल काच. दुरून पाहिले तर मोठ्या कॅमेऱ्याची हुबेहूब प्रतिकृती. शटरला मात्र दोनच पर्याय : क्षणिक उघडझाप किंवा कळ दाबून धरू तोवर उघडे. फोकस कायमचा बसवलेला. नेगेटिव्ह अंगठ्याच्या नखाएवढी, आणि साध्या भिंगामुळे तिच्या कडा धूसर. तरीही याला खेळणे म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. उन्हात नीट धरला तर हा कॅमेरा ओळखू येणारा चेहरा टिपतो.

हिटचा नमुना इतका चालला की त्याच घडणीचे कॅमेरे ‘क्रिस्टार’, ‘कॉली’, ‘होमर’, ‘बेल १४’ अशा कितीतरी नावांनी विकले गेले. अमेरिकेत त्यांची विक्री टपालाने होई, नवलाईच्या वस्तूंच्या दुकानांतून होई, मुलांच्या चित्रमासिकांतल्या जाहिरातींतूनही होई. आयातदाराने नाव सांगायचे आणि पुढच्या पट्टीवर ते कोरून घ्यायचे, बाकी कॅमेरा तोच. म्हणून केवळ नावावरून निर्माता ठरवणे धोक्याचे आहे. कळीचा आकार, पाठ उघडण्याची पद्धत, भिंगाभोवतीची अक्षरे हे सारे एकत्र पाहावे लागते.

दुसरी परंपरा अधिक गंभीर, १६ मिमी. फिल्मची. ‘स्टेकी’ १९४७ मध्ये आला. पुढे तो रिकेन कंपनीकडे गेला आणि त्याच घराण्यात १९५७ च्या सुमारास ‘गोल्डन रिको १६’ निघाला. मामियाने १९४९ मध्ये ‘मामिया १६’ आणला. कोनान या संस्थेच्या ‘कोनान १६’मध्ये कॅमेऱ्याचे अंग बाहेर ओढून पुन्हा आत ढकलले की फिल्म सरके आणि शटर ताणले जाई. हीच युक्ती घेऊन १९५७ मध्ये ‘मिनोल्टा १६’ आला. तो खिशातून निघून डोळ्याशी जाईपर्यंत तयार असे. माझ्या मते या साऱ्या कुळातली ही सर्वांत देखणी यंत्रणा आहे.

इथे आयातीची रीतही वेगळी होती. मिनोल्टाचे प्रतिनिधी सॅम कुसुमोतो १९५४ मध्ये न्यूयॉर्कला गेले. सुरुवातीला विक्री अमेरिकी वितरकामार्फत होई, नंतर कंपनीने तिथे स्वतःची शाखा उघडली. निर्मात्याचे नाव झाकले जाण्याऐवजी तेच विकले जाऊ लागले. १९५४ मध्येच जपानमध्ये कॅमेरा तपासणी संस्था स्थापन झाली आणि निर्यातीच्या कॅमेऱ्यांवर ‘पास्ड’ असे छापलेली सोनेरी लंबगोल चिकटपट्टी दिसू लागली. ‘जपानी म्हणजे हलका माल’ हा समज खोडून काढायला तिचा मोठा हातभार लागला.

काही कॅमेरे या दोन्ही परंपरांबाहेरचे. ‘पेटल’ (१९४८) जेमतेम ३ सेंमी. व्यासाचा, त्यात फिल्मची गोल चकती बसे आणि तिच्यावर सहा चित्रे उमटत. सुझुकी कोगाकुचा ‘एको ८’ (१९५१) हा सिगारेटचा लायटरही होता. ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) या चित्रपटात छायाचित्रकार राजकन्येचे फोटो चोरून काढतो तो यानेच.

१९७२ मध्ये कोडॅकने ११० ही काडतुसात (बंद डबीत) भरलेली फिल्म आणली. १६ मिमी.ची काडतुसे प्रत्येक कंपनीची निराळी होती, ११० मात्र सर्वांना चाले. त्यानंतर ही जुनी मापे झपाट्याने मागे पडली. आज हिटमध्ये फिल्म घालायची तर रुंद रोल अंधारात कापून जुन्या रिळावर नव्याने गुंडाळावा लागतो. म्हणून जाणकार कॅमेरा विकत घेताना आत मूळ रीळ शिल्लक आहे का, हे आधी पाहतात.