भुशाच्या कांडीतला धूर

लाकडाच्या भुशावर प्रचंड दाब दिला की तो तापतो, त्यातले लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू जोडून ठेवणारा घटक, मऊ होते आणि थंड होताना तेच डिंकासारखे काम करून सुमारे 6 मिलिमीटर जाडीची टणक कांडी बांधून ठेवते. हीच पेलेट. घरे उबदार ठेवणाऱ्या शेगड्यांतले हे जळण उद्योजक जो ट्रेगर यांनी 1980च्या दशकात अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या माउंट एंजल या गावी मांस भाजण्याच्या ग्रिलमध्ये आणले. आजच्या ग्रिलमध्ये मळसूत्री दांडा पेटीतल्या पेलेट थोड्या थोड्या करून जळणपात्रात ढकलतो, पंखा हवा पुरवतो आणि आतल्या तापमानानुसार नियंत्रक या दोहोंचा वेग बदलतो. ग्रिल घेताना म्हणूनच झाकणाच्या चकाकीपेक्षा नियंत्रक आधी पाहावा.

पंख्यामुळे जळण जवळजवळ पूर्ण होते, त्यामुळे या ग्रिलचा धूर सौम्य असतो. लिग्निन तुटून तयार होणारी ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगे धुराला गंध देतात. ती हवी असतील तर सुरुवातीचे काही तास तापमान 110 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे, कारण मोठ्या आचेवर धूर आणखी विरळ होतो.

गाईच्या छातीचे मांस, म्हणजे ब्रिस्केट, असे भाजताना आतले तापमान 65 ते 70 अंशांवर येऊन तासन्‌तास अडून बसते. ग्रिल बिघडलेले नसते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पृष्ठभागावरून उडणारी वाफ मांसाची उष्णता घेऊन जात असते. या वेळी आच वाढवण्याचा मोह टाळावा, कारण मांसातल्या कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे मऊ जिलेटिन होण्यास वेळच लागतो आणि ब्रिस्केट साधारण 95 अंशांना पोहोचल्यावर सुरी त्यात अलगद उतरते.

पेलेट विकत घेताना एक कांडी मोडून पाहावी: ती कट्‌कन तुटली आणि बाहेरून तुकतुकीत असली तर कोरडी आहे. ओल लागलेली कांडी फुगून पुन्हा भुसा होते आणि तो भुसा मळसूत्री दांड्यात घट्ट अडकतो, म्हणून पावसाळी हवेत पेटी भरून ठेवू नये. अमेरिकेतल्या मराठी घरांत भरितासाठी वांगे भाजायचे असेल, तर मात्र जळणपात्रावरची झडप उघडून थेट ज्वाला देणारेच ग्रिल निवडावे. नुसत्या गरम हवेत वांगे शिजते, पण त्याची साल करपत नाही आणि भरिताला लागणारा तो खरपूस वास येत नाही.